आमचे चित्र आधी आम्हांला दाखवा



व्याख्यानमालेच्या चालकांनी कार्यक्रमपत्रिकेत आमच्या भाषणाचा विषय ‘लोककार्यासाठी स्वतंत्र ध्वनिचित्रनिर्मिती’ असा छापला आहे. आम्ही तो तीनदा वाचला, तेव्हा कुठे हा आमचाच विषय आहे अशी आमची खात्री पटली. आम्ही चालकांना कळवले होते ते इतकेच, की कष्टकरी माणसांनी स्वतः काढलेली चित्रे आणि स्वतः मुद्रित केलेले आवाज यांविषयी चार शब्द बोलू. चालक विद्वान आहेत. आमचे शिक्षण रात्रशाळेत नववीपर्यंत झाले, आणि पुढचे कामगार वाचनालयात, ग्रंथपालांची बोलणी खात. तेव्हा मथळा त्यांचा आणि मजकूर आमचा, असे आपण समजून घ्यावे.

आमचे वडील मुंबईस परळच्या एका गिरणीत विणाई खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणीसंप सुरू झाला. अडीच लाख कामगारांचा तो संप. आम्ही त्या वेळी बारा वर्षांचे होतो. चार-पाच महिन्यांत घरातली भांडी विकायची पाळी आली, तेव्हा वडिलांनी आम्हां सर्वांना सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी आणून सोडले. त्यांच्या पिशवीत एक कॅसेट होती. चाळीतल्या एका शेजाऱ्याचा मेहुणा आखातात होता. त्याने आणलेल्या टेपरेकॉर्डरवर त्या शेजाऱ्याने एक गेटसभा मुद्रित केली होती. गावी एका घरी यंत्र होते. तेथे संध्याकाळी वडील ती कॅसेट लावीत. तीत पुढाऱ्यांचे भाषण होते, टाळ्या होत्या, घोषणा होत्या. पण वडील ते सगळे पुढे पळवीत आणि एका ठिकाणी आणून थांबवीत. तेथे भाषण संपताना गर्दीतून एक माणूस विचारतो, “सायेब, पोरांच्या शाळेच्या फीचं काय करायचं?” मागून कुणी हसतो, कुणी ‘गप बस’ म्हणतो, आणि घोषणा सुरू होतात.

तो आवाज वडिलांचा होता.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत सभेचा वृत्तान्त आला. पुढारी काय म्हणाले ते आले, मालक काय म्हणाले ते आले, सरकार काय म्हणाले तेही आले. शाळेच्या फीचा प्रश्न कुठेही आला नाही. तो राहिला फक्त त्या साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये, कारण ते यंत्र गर्दीत उभ्या असलेल्या माणसाच्या काखेत होते, व्यासपीठावर नव्हते. पुढे ती कॅसेट बुरशी येऊन गेली. पण ज्याच्या हाती ससा तो पारधी, ही म्हण यंत्रालाही लागू पडते, हे आम्ही त्या वयात शिकलो. पुस्तकातून शिकलो असतो तर विसरून गेलो असतो.

आवाजाचा विषय निघालाच आहे, तर दूरदेशीची एक हकीकत सांगतो. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया या देशात कथिलाच्या खाणी आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात तेथील खाणकामगारांच्या संघटनांनी आपापली रेडिओ केंद्रे उभारली. पैसा कुठून आणला? पगारातून वर्गणी कापून! पुढे अशी वीसहून अधिक केंद्रे झाली. त्यांवर केचुआ आणि आयमारा या तेथल्या लोकभाषा बोलल्या जात, सभा जशाच्या तशा ऐकवल्या जात, निरोप जात, गाणी जात. १७ जुलै १९८० रोजी तेथे सैन्याने सत्ता बळकावली. राजधानीतली केंद्रे गप्प झाली. पण खाणींवरची केंद्रे एकमेकांना जोडून घेऊन, सैन्य दारापर्यंत पोचेतो, देशाला बातम्या सांगत राहिली.

आमच्याकडे काय झाले? ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या न्यायपीठावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, ही आम्हां मराठी माणसांना अभिमानाची गोष्ट. परंतु निकालापासून परवान्यापर्यंतची वाट लांब निघाली. २००२ साली शिक्षणसंस्थांना सामुदायिक रेडिओची मुभा मिळाली, २००६ साली स्वयंसेवी संस्थांना मिळाली. तेलंगणातील माचनूर गावी १५ ऑक्टोबर २००८ रोजी दलित शेतकरी स्त्रियांनी ‘संगम रेडिओ’ सुरू केला. आमच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ आहे. या बायकांनी केलेले काम मोठे आहे आणि आम्ही त्याला हात जोडतो. मात्र २००६ च्या त्याच धोरणात आणखी दोन गोष्टी लिहिल्या होत्या. राजकीय पक्षांशी संलग्न असलेल्या कामगार संघटनांना परवाना नाही. आणि केंद्र कुणाचेही असो, त्याने स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत. लहरी जनतेच्या खऱ्या, पण गावात आज काय घडले ते त्या लहरींवर सांगायचे नाही! शेतात पाणी कसे द्यावे हे सांगा. पाणी कुणी अडवले हे सांगू नका. असो. कायद्यावर आमचा राग निघाला की तास पुरत नाही, म्हणून चित्रांकडे वळतो.

या पुण्याच्या पंचक्रोशीत १९८० साली घरकाम करणाऱ्या बायकांचा संप झाला, हे सभागृहातील पांढऱ्या केसांच्या मंडळींना आठवत असेल. काहींना त्या दिवसांतली स्वतःच्या घरची न घासलेली भांडीही आठवत असतील. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. त्याच सुमारास बंगळूरला ‘युगांतर’ नावाचा एक लहानसा गट जमला होता. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि कॅमेरा चालवणारे नवरोज कॉन्ट्रॅक्टर. या मंडळींनी १९८१ साली पुण्याच्या मोलकरणींवर ‘मोलकरीण’ हा अनुबोधपट केला. पंचवीसेक मिनिटांचा, कृष्णधवल. आम्ही तो कित्येक वर्षांनी पाहिला. आमच्या शेजारी संघटनेतल्या एक वयस्क बाई बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्या पडद्यावरच्या बाईशी बोलू लागल्या. “अगं, मग दुसरं घर धर की!” असे एकदा मोठ्याने म्हणाल्या.

याच गटाने पुढच्या वर्षी निपाणीस चित्रण केले. निपाणी म्हटले की आपल्याला १९८१ चे तंबाखू शेतकऱ्यांचे आंदोलन आठवते, शरद जोशी आठवतात, गोळीबार आठवतो. ते आठवायलाच पाहिजे. पण शेतकऱ्याच्या गाडीतून उतरलेला तंबाखू पुढे वखारीत जातो. तेथे तो कुटणाऱ्या, चाळणाऱ्या, निवडणाऱ्या हजारो बायका होत्या, आणि त्यांचे नाक-डोळे त्या धुरळ्याने भरलेले असत. त्यांनीही संघटना बांधली होती. ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा अनुबोधपट त्यांचा. तो करणारी मंडळी चार दिवसांत चित्रण उरकून गेली नाहीत. चार महिने त्या बायकांमध्ये राहिली. काय दाखवायचे, कसे दाखवायचे, घडून गेलेला प्रसंग पुन्हा कसा उभा करायचा, हे बायकांशी बोलून ठरवले. वखारींच्या आतले, बाहेरच्या जगाने न पाहिलेले चित्र त्यामुळे मिळाले. त्या गटाने असे चार अनुबोधपट केले आणि मग तो थांबला. अलीकडे बर्लिनच्या ‘आर्सेनाल’ या संस्थेने त्यांच्या प्रती दुरुस्त केल्या. निपाणीच्या बायकांचा आवाज जर्मनीत जपला गेला याचा आनंद मानावा, की आमच्या एकाही कामगार भवनात त्याची प्रत ठेवायला कपाट नव्हते याची लाज वाटावी? आम्हांला दोन्ही वाटते.

तरी हे करणारे लोक, कितीही चांगले असले, तरी बाहेरचे होते. स्वतः कष्टकऱ्याने यंत्र हाती घेतल्याचे आपल्या देशातले ठळक उदाहरण अहमदाबादचे. इला भट्टांच्या ‘सेवा’ या संघटनेची १९७२ साली नोंदणी करायची होती, तेव्हा निबंधकांच्या कचेरीतून प्रथम नकार आला. या बायकांना मालक कोण, असा प्रश्न! भाजी विकणारीला, हातगाडी ओढणारीला मालक नसतो, मग संघटना कुणाविरुद्ध? शेवटी नोंदणी झाली. याच संघटनेने १९८४ साली न्यूयॉर्कच्या मार्था स्टुअर्ट यांना बोलावून तीन आठवड्यांचे शिबिर घेतले. वीस बायका होत्या, त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती. त्या काळचे ते अवजड यंत्र खांद्यावर घेऊन त्या चित्रण शिकल्या, आणि माणेक चौकात भाजी विकणाऱ्या आपल्याच बहिणींविषयी त्यांनी चित्रफीत केली. आमच्या अनुभवाने सांगतो, कचेरीत भाजीवाल्या बाईला साहेब उभे करीत नाही. तिची चित्रफीत मात्र आत जाऊन बसते आणि साहेब चहा पितापिता ती पाहतो. लिहिता येत नाही म्हणून अर्ज करता येत नाही, हे त्या दिवशीपासून खोटे ठरले.

आता फ्रान्समधील हकीकत सांगतो आणि ती थोडी विस्ताराने सांगतो, कारण बाहेरचा आणि आतला यांचे भांडण तीत उघड्यावर झाले.

बेझाँसाँ नावाच्या गावी कृत्रिम धाग्यांचा मोठा कारखाना होता, रोदियासेता. १९६७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तेथील कामगारांनी संप केला, कारखाना ताब्यात घेतला. त्यांच्या मागण्यांत पगार होताच. पण पाळ्यांच्या कामाने माणसाला वाचायला, गाणे ऐकायला, घरच्यांशी बोलायला वेळ उरत नाही, हेही गाऱ्हाणे होते. क्रिस मार्कर आणि मारिओ मारे या चित्रपटकारांनी त्यांच्यावर अनुबोधपट केला. ‘लवकरच भेटू, अशी आशा आहे’ असा त्याच्या नावाचा अर्थ. १९६८ च्या मार्चमध्ये तो फ्रान्सच्या दूरचित्रवाणीवरही दाखवला गेला. एप्रिलमध्ये तो कामगारांना दाखवला आणि नंतर चर्चा ठेवली. सभ्य स्त्रीपुरुषहो, कामगारांनी आभार मानून हार घातले असतील असे आपल्याला वाटेल. त्यांनी तक्रार केली! संप म्हणजे जणू काव्य, असे तुम्ही दाखवलेत, असा एक आक्षेप. आमच्या बायका तुम्ही नुसत्या नवऱ्याच्या शेजारी बसवल्यात, त्या स्वतः काम करतात, संघटना करतात, ते कुठे आहे, असा दुसरा. त्या चर्चेचे ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. पडद्यावर चित्र नाही, नुसते आवाज. त्याला त्यांनी नाव दिले ‘बिजागरी’. मार्कर यांचे म्हणणे थोडक्यात असे पडले की, आम्ही प्रेमाने आलो तरी बाहेरचे ते बाहेरचेच. तुमचे खरे चित्र तुम्हीच काढले पाहिजे.

आणि त्यांनी काढले. कामगार चित्रण शिकले, तंत्रज्ञ त्यांच्याबरोबर राहिले, आणि गटाला नाव दिले मेदवेदकिन यांचे. हे मेदवेदकिन १९३२ साली सोव्हिएत देशात आगगाडी घेऊन हिंडले होते. गाडीच्या डब्यांतच प्रयोगशाळा. कामगारांचे चित्रण करायचे, तिथेच धुऊन त्यांना दाखवायचे आणि वाद घालायचा. (ती गाडी सरकारची होती हे विसरू नये. सरकारी गाडीतून सरकारला न आवडणारा वाद कितपत घालता येतो, याचा अनुभव आमच्या काही मित्रांना आहे.) बेझाँसाँच्या कामगारांनी केलेल्या १९६९ च्या चित्रात नायिका आहे सुझान झेदे, घड्याळांच्या कारखान्यातील कामगार. पहिल्या चित्रात ती नवऱ्याच्या शेजारी बसलेली दिसते. या चित्रात ती उभी राहून बोलते, पत्रके वाटते, संघटना बांधते. बाई तीच, मधे वर्ष-दोन वर्षे गेली.

येथे कुणी विचारील, हे सगळे जुन्या काळाचे झाले. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. बरोबर आहे. आमच्या संघटनेतली भांडी घासणारी मुलगीही उत्तम चित्रण करते. पण खिसा आपला असला तरी ते चित्र जेथे लावले जाते ती भिंत कंपनीची असते. ती ते कुणाला दाखवायचे, कधी पुसायचे, हे ठरवते. शिवाय आम्ही पुढाऱ्यांनी या यंत्राचे काय केले आहे तेही सांगितले पाहिजे. आमच्या संघटनांच्या चित्रफिती पाहा. दहा मिनिटांपैकी सात मिनिटे हार घालणे चालू असते. स्वतंत्र निर्मिती म्हणजे मालकापासून स्वतंत्र, सरकारपासून स्वतंत्र, एवढेच आम्ही धरून चाललो. आमच्यापासून स्वतंत्र कोण, हा प्रश्न आम्हांला कुणी विचारला नव्हता. तो २०१९ साली विचारला गेला.

एका मोठ्या वसाहतीत ठेकेदारामार्फत सफाईचे काम करणाऱ्या बायका आमच्या संघटनेत आल्या होत्या. हातमोजे नाहीत, सुट्टीचा पगार नाही, आजारी पडले की नाव कमी. आम्ही एका दुपारी मुलांना घेऊन गेलो. बायका कचऱ्याच्या ढिगाशेजारी उभ्या राहून बोलल्या. हात दाखवले, फुटलेली बोटे दाखवली. चार मिनिटांचे चित्र झाले. चांगले झाले होते, हे आजही म्हणतो. त्याच रात्री ते आम्ही मोबाइलवरून शेकडो गटांत पाठवले. सकाळपर्यंत गावभर झाले. आमच्या पाठीवर थापा पडू लागल्या. ठेकेदाराने त्यावर वाद घातला नाही, खुलासा केला नाही. त्याने ते चित्र थांबवत थांबवत पाहिले आणि हजेरीपटावरची अकरा नावे खोडली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते आम्ही शब्दशः केले. फक्त हात त्यांचे होते आणि अवलक्षणही त्यांच्याच वाट्याला आले.

तिसऱ्या दिवशी त्यांतल्या एक बाई कार्यालयात आल्या. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. आम्हांला वाटले शिव्या देतील. त्यांनी पाणी मागितले, प्यायल्या आणि म्हणाल्या, “दादा, बोलशील का, असं तुम्ही मला इचारलं व्हतं. दाखवू का, ते न्हाई इचारलं.”

या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. कामगार आयुक्तांच्या कचेरीत खेटे घालून, दाराशी बसून, पाच महिन्यांनी नऊ बायका परत कामावर आल्या. दोघी आल्या नाहीत. एक गावी गेली. दुसरी आम्हांला रस्त्यात भेटते आणि बोलत नाही.

तेव्हापासून आम्ही पद्धत बदलली. चित्र काढले की ते प्रथम त्यांच्याच गल्लीत, रात्री जेवणे झाल्यावर, चादर बांधून दाखवायचे. त्यांनी काढा म्हटले ते काढायचे, मग ते कितीही प्रभावी असो. यात वेळ जातो. कार्यकर्ते कुरकुरतात, बातमी शिळी होते म्हणतात. होऊ द्या. या बैठकींत आम्ही जे शिकलो ते कोणत्याही शिबिरात शिकलो नसतो. उदाहरणार्थ, चित्र अंधुक असले तर माणसे चालवून घेतात, आवाज नीट नसेल तर उठून जातात. म्हणून आता चार पैसे आले की आम्ही पदराला लावायच्या ध्वनिग्राहकावर घालतो, कॅमेऱ्यावर नाही. ध्वनिमुद्रण दुपारी दोननंतर करायचे, कारण त्याआधी बाई चार घरच्या कामात असते, आणि पाण्याची वेळ टाळून करायचे, कारण नळ आला की कुणी थांबत नाही. वारा असेल तर ध्वनिग्राहकावर रुमाल बांधायचा.

चेहरे झाकावे, नुसते हात दाखवावेत, असे आम्हीच एकदा सुचवले. आमचे आम्हांला फार शहाणपणाचे वाटले. त्यावर एक तरुण पोर, विशीतली, भडकली. “हात कुणाचे बी असत्यात,” म्हणाली, “माझं तोंड ठेवा. मी बोलली ते मी बोलली.” आणि शेजारी बसलेल्या तिच्या सासूबाई म्हणाल्या, “तुझं ठेव, माझं नको.” एकाच घरातल्या दोघी. चर्चा रात्री साडेअकरापर्यंत चालली आणि शेवटी दोघींचे म्हणणे मानले गेले. अशा प्रसंगी सगळ्यांना एकच नियम लावला की काम सोपे होते, हे आम्हांला कळते. संघटनेचे आयुष्य एकच नियम लावण्यात गेले आहे. पण येथे तो लावता येत नाही असे आमचे मत झाले आहे. ते चुकीचे असेल तर अध्यक्षमहाराजांनी समारोपात सांगावे.

 अध्यक्षांच्या भाषणानंतर, चालकांच्या परवानगीने, मागच्या पटांगणात आमच्या बायकांनी स्वतः केलेली अठरा मिनिटांची एक चित्रफीत दाखवणार आहोत. सतरंजी आहे, खुर्च्या उचलून नेऊ नका. आपल्यासमोर ती दाखवावी का, हे गेल्या रविवारी त्यांना विचारले आहे. दोघींनी नको सांगितले, म्हणून त्यांचा भाग काढला आहे. त्यामुळे मधे एकदा चित्र आणि आवाज दोन्ही तुटतील. यंत्र बिघडले असे समजून कुणी उठू नये.